बारा टोकं आणि सरिताची झिगझॅग

समजा, तुमच्यापुढे लोखंडी पत्र्यांचे तीन खांब उभे आहेत. प्रत्येक खांबावर तांब्याच्या दोन कॉइली, एकीच्या पोटात दुसरी. सहा कॉइलींची बारा टोकं हवेत लोंबताहेत आणि ती कशी जोडायची हे तुम्हाला ठरवायचंय. विजेच्या तीन तारा येताहेत, पण जमिनीशी नातं सांगणारं न्यूट्रल कुठेच नाही. अशा ठिकाणी एखादी तार तुटून जमिनीला टेकली, तर प्रवाहाला परतायला वाट नसते. बिघाड झालाय हे यंत्रणेला कळत नाही आणि उरलेल्या दोन तारांवरचा ताण मात्र वाढतो. परतीची वाट करून देणं, एवढंच या अर्थिंग ट्रान्सफॉर्मरचं काम. आता जोडा. तुमच्या मागे लोक उभे आहेत, आणि तुम्ही चुकावं याची ते वाट बघताहेत.

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात सरिता गजभियेची सकाळ अशीच उजाडायची. अकरा वर्षं तिने कॉइलींमध्ये घालायचा कागद कापला. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा केला. जोडणीचे नकाशे काढणारे म्हातारबा निवृत्त झाले, तेव्हा मालक मधुसूदनजींनी त्यांचं टेबल तिला दिलं. फोरमन रुपरावच्या छातीत तो काटा रुतला तो रुतलाच. ते टेबल त्याला आपल्या भाच्यासाठी हवं होतं.

अर्थिंग ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर आली त्या दिवशी रुपराव मालकांसमोरच म्हणाला, "शेडमध्ये जुना स्टार-डेल्टा जोडणीचा ट्रान्सफॉर्मर पडून आहे. तोच धुऊन-पुसून द्या ना जी. नवीन काहून बनवता?"

"त्याच्या डेल्टाची तार बारीक आहे," सरिता म्हणाली. "बिघाडाचा प्रवाह दहा सेकंद सोसायचा असं ऑर्डरमध्ये लिहिलंय. ती तार तेवढा दम धरणार नाही. झिगझॅग करू."

"झिगझॅगले तांबं जास्त लागते, माहीत आहे का तुले? साध्या स्टारपेक्षा पंधरा टक्के!"

"साध्या स्टारपेक्षा लागतं. पण साध्या स्टारने हे काम होतच नाही, त्याच्यासोबत डेल्टाची अख्खी वेगळी वाइंडिंग लागते. तिचं तांबं तुम्ही काहून नाही मोजून राहिले?"

कोणीतरी फिसकन हसलं. रुपरावचा चेहरा कढईच्या बुडासारखा झाला. मधुसूदनजी म्हणाले, "झिगझॅग कर. पण टेस्टिंगले फसली, तर आपण जुनाच पाठवू. अन् तू आपली कागदाच्या कातरीवर."

झिगझॅगची गंमत अशी, की एका खांबावरच्या दोन कॉइली वेगवेगळ्या फेजच्या, म्हणजे वेगवेगळ्या तारांच्या असतात आणि उलट दिशेने जोडलेल्या असतात. जमिनीतून परतणारा प्रवाह आला, की दोघी एकमेकींचं चुंबकत्व मारतात आणि प्रवाहाला मोकळी वाट मिळते. कोणतं टोक सुरुवातीचं आणि कोणतं शेवटचं, हे मात्र पक्कं ठाऊक हवं. त्यासाठी कारखान्यात सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा बांधत.

इथली रीत अशी, की एका ट्रान्सफॉर्मरच्या साऱ्या कॉइली एकाच कारागिराने करायच्या. पण या वेळी रुपरावने काम दोन कारागिरांत वाटून टाकलं. आतल्या तीन जयवंताबाईकडे, बाहेरच्या तीन नत्थूजींकडे. "लवकर होईल," म्हणाला. सरितालाही घाई होती. तिने मान डोलावली.

टेस्टिंगच्या दिवशी तिन्ही फेजची टोकं एकत्र बांधली आणि ती टोकं व न्यूट्रल यांच्यात वीज सोडली. हिशोबाने बारा अँपिअर यायला हवे होते. मीटरचा काटा एकलाही पोचला नाही.

"झाली तुही झिगझॅग?" रुपराव टाळी वाजवत म्हणाला. "पुस्तक वाचून ट्रान्सफॉर्मर बनते का वं? जा, कातर घासून ठेव."

मधुसूदनजींनी घड्याळ पाहिलं. "चार वाजता पार्टीचा माणूस येते. तोपर्यंत काय करायचं ते कर."

सरिताने जोड सोडवले. टॉर्चचा सेल घेतला. आतल्या कॉइलीला सेलचा झटका द्यायचा आणि बाहेरच्या कॉइलीवर लावलेल्या छोट्या मीटरचा काटा कुठे उडतो ते बघायचं. दोरे बरोबर असतील, तर काटा उजवीकडे उडेल. तो डावीकडे उडाला. दुसऱ्या खांबावर डावीकडे. तिसऱ्यावरही डावीकडेच. एकमेकींना विरोध करायच्या त्या कॉइली तिच्याच हातांनी एका बाजूच्या झाल्या होत्या.

दोरा सुरुवातीलाच बांधल्याचं जयवंताबाईने सांगितलं, तशी ती तडक नत्थूजींकडे गेली. नत्थूजी मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. साठी ओलांडली तरी बोटं मशीनसारखी चालायची.

"नत्थूजी, दोरा कोणत्या टोकाला बांधला तुम्ही?"

"शेवटच्या."

"शेवटच्या? इथं तर सुरुवातीला बांधतात!"

"मागावर जिथं हात थांबला, तिथं खूण करतात. मी पयल्यापासून तसंच करतो."

"इतकी वर्षं? आणि कोणालाच कळलं नाही?"

"काहून कळन? साऱ्या कॉइली माह्याच. साऱ्या उलट्या, म्हणजे साऱ्या सुलट्याच झाल्या ना."

"सकाळी तुम्ही तिथंच उभे होता. काटा हलत नव्हता तेव्हा बोलले काहून नाही?"

नत्थूजींनी तार खाली ठेवली. "तू जोडणीवाली मॅडम झाली. सहा महिने झाले, या बाकड्यापाशी एक डाव तरी आली का? रुपराव माह्या हाताखाली वाइंडिंग शिकला, तो दोन वर्षं इथंच बसून होता. तो तरी टेकते कधी कधी. तू तर दुरूनच नकाशा पाठवते. मले कोणी इचारलं, त मी सांगतो."

सरिताला राग आला, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता. वाद घालायला वेळ नव्हता. बाहेरच्या तिन्ही कॉइलींची टोकं तिने उलटी केली, जोड पुन्हा पक्के केले, कागद गुंडाळला. साडेतीनला वीज सोडली. काटा बाराच्या जरा अलीकडे जाऊन स्थिरावला.

मधुसूदनजींनी रिपोर्टवर सही केली. शाबासकी कोणीच दिली नाही. "आंधळ्याचा गोटा लागला," रुपराव मोठ्याने म्हणाला.

सरिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "रुपरावजी, आजवर कधी कॉइली वाटल्या नाहीत. याच वेळी काहून वाटल्या?"

"लवकर व्हावं म्हणून."

"दोन वर्षं तुम्ही नत्थूजींच्या शेजारी बसले. ते दोरा कुठं बांधतात, ते तुम्ही पाहिलं नाही?"

रुपरावने चहाचा घोट घेतला. "तू शिकलेली ना? तूच सांग." आणि बाकीच्यांकडे बघून हसला.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. टेबल सरिताकडेच आहे, रुपराव अजून फोरमन आहे आणि दोघं कामापुरतंच बोलतात, तेही टोचून. नवीन काम आलं, की नकाशा घेऊन ती आता स्वतः प्रत्येक बाकड्यापाशी जाते. नत्थूजी तिला बसा म्हणत नाहीत. उभ्याउभ्याच ती विचारते आणि तेही तसंच तुटक उत्तर देतात.

पण रुपराव कामं वाटायला लागला, की तिचा हात थांबतो. त्या वेळी आतल्या कॉइली जयवंताबाईला आणि बाहेरच्या नत्थूजींना देताना, त्या दोऱ्याचं त्याला ठाऊक होतं का?