दोन डावे हात

नातवंडांनो, कीबोर्डाचे दोन तुकडे असू शकतात हे मला तुमच्यातल्या धाकटीमुळे कळलं. व्हिडिओ कॉलवर ती माझ्याशी बोलत बोलत टाइप करत होती. तिचे दोन हात टेबलाच्या दोन टोकांना होते आणि मधल्या मोकळ्या जागेत चहाचा मग. "अगं, तुझा कीबोर्ड कुठे आहे?" मी विचारलं. तिने आधी एक अर्धा भाग उचलून दाखवला, मग दुसरा. मी तिला दोन्ही पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरायला लावले.

त्या दिवसांत माझा उजवा हात फार त्रास देत होता. दर रविवारी तुम्हाला माझं पत्र येतं, ते मी टाइप करते हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागायच्या आधी मी परभणीला टायपिंगचा क्लास केला होता, इंग्रजी आणि मराठी दोन्हीचा. तेव्हापासून मला बोटं चालल्याशिवाय वाक्य सुचत नाही. पण आता अर्धं पान होईपर्यंत अंगठा आणि शेजारची बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायची. नांदेडच्या डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि समजावून सांगितलं, की साध्या कीबोर्डवर दोन्ही हात जवळ आणावे लागतात, त्यासाठी मनगटं बाहेर वळतात, आणि तिथेच नस दबते. मनगट सरळ राहील अशी काही सोय होत असेल तर करा, नाहीतर टायपिंग बंद करा.

तुमचे बाबा म्हणाले, "आई, बोलून पाठव ना. आम्ही ऐकू."

बोललेलं मला खोडता येत नाही, आणि खोडल्याशिवाय मी आयुष्यात काही कोणाला पाठवलेलं नाही. त्यामुळे मनगट सरळ होणार, की रविवारचं पत्र बंद होणार, एवढाच प्रश्न उरला.

तयार मिळणारे कीबोर्ड माझ्या लहान हाताला मोठे पडत होते. धाकटीने तिचा स्वतः जोडला होता. मी आजोबांना सांगितलं, आपणही जोडू.

"कीबोर्ड काय पापड हाय का, घरी करायला?" ते म्हणाले.

"तुम्हाला सोल्डरिंग येतं की."

"येत होतं. सिग्नलच्या रिलेला हात लावून किती वर्सं झाली."

तुमच्या आजोबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, इथेच पूर्णेला गेली. दुपारी मी उठून पाहिलं तर ते स्टुलावर चढून माळ्यावरून हत्यारांची पेटी काढत होते.

कुरिअरचं पार्सल आलं त्या दिवशी मी सकाळची पूजासुद्धा घाईत उरकली. आत दोन पातळ काळे बोर्ड, छोट्या पिशव्यांमध्ये सुटे भाग आणि कोऱ्या कळा. कळांवर अक्षरं नकोत असं मीच सांगितलं होतं. आमच्या क्लासात बोटांवर पुठ्ठ्याचं झाकण असायचं, त्यामुळे अक्षरं बघायची मला सवयच नाही. मी मसाल्याचा जुना डबा घासून पुसून घेतला आणि एकेका वाटीत एकेक जिनस ठेवला. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, जिऱ्याएवढा तुकडा. तो जिऱ्याच्याच वाटीत गेला.

"आता फोडणीच द्यायची राहिली," आजोबा म्हणाले.

एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली आणि मला इतका आनंद झाला की ती मी त्यांना लगेच दोनदा सांगितली. संगणकावरच्या मराठी कीबोर्डात जवळपास सगळ्या मात्रा डाव्या हाताला असतात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे आपली भाषा त्या काळ्या बोर्डांवर अगदी नीट दोन भागांत बसणार होती. जणू कोणी मला विचारूनच मधला काप दिला होता.

जोडायची पद्धत आजोबांनी ठरवली, रेल्वेची. तिथे एकाने हुकूम सांगायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा आणि मगच हात हलवायचा. कामात कधी चूक झाली नाही ती यामुळेच, असं ते म्हणतात. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही समोरासमोर बसलो.

"डायोड. काळी रेघ माझ्याकडं."

"काळी रेघ तुमच्याकडे."

"सॉकेट. रुंद बाजू खिडकीकडं."

"रुंद बाजू खिडकीकडे."

सॉकेट म्हणजे ज्यात कळ खोचून बसते ते घर. सोल्डरचा प्रत्येक वितळलेला थेंब चकाकत बसला की मी शाळकरी मुलीसारखी टाळी वाजवायची. स्टेशनात एखादी मालगाडी जोडली जात असली की टेबल बारीक थरथरायचं, तेवढ्यापुरते ते हात वर धरायचे. पहिला भाग झाला. लॅपटॉपला लावला तर एकूण एक कळ बोलली.

"पास," आजोबा म्हणाले. तो भाग त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवला आणि दुसरा बोर्ड घेतला. "हे बघ, आता नवीन डोकं लावायचं न्हाई. ह्याच्यासारखं ते."

तेच हुकूम, तेच उत्तर. दुसरा भाग पहिल्यापेक्षा लवकर झाला. मी दोन्ही भाग खांद्यांइतके लांब ठेवले आणि हात टेकवले. डावा हात घरी आल्यासारखा बसला. उजव्या अंगठ्याला मात्र खाली काहीच लागेना. अंगठ्याच्या कळा होत्या, पण पार त्या बाजूला, करंगळीच्याही पलीकडे. मी तो भाग फिरवून पाहिला. मग पालथा करून पाहिला.

बोर्ड दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. सुलटा जोडला तर डावा होतो, उलटा जोडला तर उजवा. ब्लाऊजच्या बाह्यांचं असंच असतं; दुसरी बाही कापड पालटून कापली नाही तर दोन्ही एकाच खांद्याच्या होतात. मी इतके ब्लाऊज शिवलेत. पण मी हुकूम परत म्हणण्यात गुंग होते.

"अहो, हे दोन्ही डावे आहेत."

त्यांनी चष्मा लावला. "आसं कसं हुईल? तू परत म्हणलीस की बरोबर."

"तुम्ही म्हणालात तेच मी म्हणाले."

"मग चुकलं कुठं?"

"चुकलं कुठेच नाही. बरोबर तेच दोनदा झालं."

त्यांनी दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "दोन डाव्या चपला घालून मोंढ्याच्या बाजारात गेल्यावाणी झालं," आणि आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

धाकटीला कॉल करून दाखवलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "आजी, सॉकेट काढता येतील. पण जास्त तापलं तर बोर्डवरची तांब्याची टिकली सोबत उखडून येते. मग ती कळ गेली." तिने विकणाऱ्याकडे चौकशी केली. तसला बोर्ड त्याच्याकडे उरला नव्हता, पुन्हा कधी येईल ते त्याला सांगता येत नव्हतं. त्या रविवारी मी जुन्याच कीबोर्डवर तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि बोटं बधिर होऊन चार ओळींवर थांबले; तुम्हाला पत्र आलं नाही तो हाच रविवार.

सोमवारी आजोबांनी पुन्हा चादर अंथरली. माझ्या हातात भिंग दिलं.

"आता मी म्हणन ते परत म्हणू नको," ते म्हणाले. "तुला काय दिसायलंय ते सांग."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कामाच्या वेळी त्यांनी मला हे असं पहिल्यांदाच सांगितलं. मी भिंगाला डोळा लावला. जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी ते थेंबावर दाबत होते.

"अजून घट्ट आहे. थांबा. कडेने चमकलं. वितळलं. आता."

सॉकेट अलगद सुटून आलं. पुढचंही आलं. मी इतकी रंगले होते की उजव्या हाताला मुंग्या आल्यात हेही मला उशिरा कळलं. भिंग डाव्या हातात घेतलं. बहुतेक सगळी निघाली आणि मग 'त'च्या कळीखालचं सॉकेट निघताना मला एक बारीक तांबूस चकती त्याला चिकटून वर येताना दिसली.

"टिकली आली," मी म्हणाले.

आजोबांनी सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न स्टँडवर ठेवलं. उठून पाणी प्यायले. परत आले ते एका जुन्या वायरीतली केसाएवढी तार सोलतच. "लाइन इथं तुटली. शेजारच्या कळीपासनं वळसा घालून आणू."

मी पुन्हा दिसेल ते सांगत गेले. तार बसली. बोर्ड उलटा करून सगळं नव्याने जोडलं. एक तडा गेलेला पाट होता, तो त्यांनी तिरका कापून दोन उतरत्या फळ्या केल्या, म्हणजे हात आतून थोडे उंच राहतील. चाचणीच्या वेळी धाकटीला व्हिडिओवर बसवलं. पडद्यावर कीबोर्डाचं चित्र होतं. जी कळ दाबावी तिचा रंग बदलायचा. मी 'त' शेवटी ठेवला. बाकी सगळे रंगले. मग करंगळीच्या शेजारचं बोट दाबलं, आणि तेही घर रंगलं.

"सिग्नल पडला," आजोबा म्हणाले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ, रस्ता मोकळा, गाडी सोडा.

हे पत्र त्याच कीबोर्डवर लिहिलं आहे. सकाळपासून बसले आहे, आणि अंगठा जागा आहे. आत्ता आजोबा मागून येऊन उभे राहिले.

"काय लिवायलीस?"

"तुमची चूक."

"तुझी बी घाल."

"घातली."

त्यांनी वाकून वरपासून वाचलं. "ते पापडाचं काढ," म्हणाले, आणि चहा ठेवायला गेले.

खोडता आलं असतं. मी राहू दिलं.