उभ्या बाईचं माप

टेलरबायकडे माप द्यायला गेलं की आधी वरच्या फळीवरचा डबा काढून द्यावा लागायचा. डबा बिस्किटांचा, रिकामा, झाकणाला गंज चढलेला. आत काही नाही हे सगळ्या गास गावाला ठाऊक होतं. तरी प्रत्येक बाई टाचा उंचावून, हात ताणून तो काढायची आणि तेवढ्यात टेलरबाय तिच्या बगलेतून टेप फिरवून मोकळी व्हायची. मग, "आता बस खाली." मग, "वाक, लादी पुसतेस तशी." एवढं झाल्यावर सरळ उभं राहायची परवानगी मिळायची, तीही उपकार केल्यासारखी. "उभ्या बाईचं माप फोटोवाल्यानं घ्यावं," ती म्हणायची. "आपली बाई दिवसातून उभी किती आनि वाकलेली किती!"

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती ब्लाउज शिवायला कमी आणि तिची परीक्षा घ्यायला जास्त. लग्न होऊन नालासोपारा पश्चिमेच्या फ्लॅटात येऊन मला सातआठ वर्षं झाली होती. मुंबईच्या एका क्लासमधून कटिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा केला होता आणि तो फ्रेम करून दिवाणखान्यात, सासऱ्यांच्या फोटोच्या वर टांगला होता. भाजी आणायला निघाले तरी गळ्यात टेप असायची, डॉक्टरांच्या नळीसारखी. तेव्हाची मी आज मला रस्त्यात भेटले असते तर मी दुसऱ्या बाजूनं गेले असते.

तर ही डिप्लोमावाली टेलरबायपुढे पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी राहिली. टेलरबायनं एक नजर टाकली, टेप खाली ठेवली आणि ती वालाच्या शेंगा निवडायला बसली. एक शेंग, दोन शेंगा, दहा शेंगा. माझे कान गरम झाले. शेवटी श्वास सुटला, त्याबरोबर पोटही आपल्या जागी आलं, आणि ती चटकन उठून कमरेला टेप लावत म्हणाली, "हां, आता आलीस घरी." तिनं शिवलेला तो ब्लाउज मी अकरा वर्षं वापरला. माझ्या हातचे सगळे ब्लाउज फोटोत छान दिसायचे, जेवायला बसलं की काचायचे.

ती स्वतः जन्मभर लुगडं नेसली. "तुम्ही दुनियेचे ड्रेस शिवता आणि स्वतः लुगड्यात?" असं मी एकदा डिवचलं. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "लुगडं बाईला विचारून गुंडाळतात ग. ड्रेसला बाईला विचारायची सवय नाय. ती लावते मी."

ही सवय माझ्या ड्रेसना लावताना मात्र तिला फार त्रास पडला. त्याला कारण मीच.

आमच्या भागातल्या महिला मंडळानं तेव्हा शिवणकेंद्र काढलं होतं. आठ मशिनी, दहाबारा बायका. डिप्लोमा माझ्याकडे, म्हणून कापणं माझ्याकडे. टेलरबाय माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, पण कागद नाही, म्हणून ती शिवणाऱ्यांत. पहिलीच मोठी ऑर्डर आली ती एका इस्पितळातल्या आयांच्या गणवेशाची. तोवर त्या साड्या नेसायच्या. आता कुर्ता-सलवार होणार होती. मी डिप्लोमाच्या वहीतला तक्ता काढला. लहान, मध्यम, मोठं. संपला विषय.

"आधी जाऊन बघूया त्या बायकांना," टेलरबाय म्हणाली.

"बाय, हा व्यवसाय आहे. घरगुती शिवण नाही. प्रत्येकीला बघत बसलं तर कसं चालेल?"

"तक्त्यातली बाई कधी पेशंट उचलते काय?"

मी हसले. शिकलेल्या बाईचं ते एक हसणं असतं ना, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून येणारं, तसं. आणि कापड कापलं.

गणवेश वाटल्याच्या दुसऱ्याच दिवशी मेट्रनबाईंचा निरोप आला. आम्ही दोघी गेलो. सुनंदा नावाची एक आया, तिशीची, मेट्रनच्या टेबलासमोर उभी होती. अंगाभोवती वॉर्डातली चादर गुंडाळलेली. सकाळी एका म्हाताऱ्या पेशंटला बिछान्यावरून उचलताना तिचा कुर्ता पाठीवर मधोमध फाटला होता. भर वॉर्डात. पुरुष पेशंट, त्यांचे नातेवाईक, सगळ्यांसमोर. ती धडपडली, पण म्हाताऱ्याला तिनं हातातून सोडलं नाही.

"हिला सगळ्यात मोठा दिला होता," मेट्रनबाई म्हणाल्या. "तोही होत नाही. परवापासून गणवेशाशिवाय वॉर्डात कोणी नको असं वरून आलंय. मग हिला घरीच बसवावं लागेल. काय करायचं सांगा."

करायचं काय ते सोपं होतं. 'कुर्ता चुकलाय,' एवढंच म्हणायचं. पण पहिली ऑर्डर, भिंतीवरची फ्रेम, गळ्यातली टेप. मी सुनंदाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मापं बरोबर आहेत हो. या बाईच जरा जास्त रुंद आहेत. तक्त्यात बसणाऱ्या नाहीत."

सुनंदानं चादर आणखी घट्ट ओढून घेतली.

टेलरबाय माझ्याकडे बघत राहिली. मग सुनंदाजवळ जाऊन म्हणाली, "चल बाय, पेशंट कसा उचलतेस ते दाखव मला." तिनं खोलीतल्या रिकाम्या खाटेवर स्वतःला पेशंट म्हणून आडवं केलं. लुगड्यासकट. मेट्रनबाई 'अहो, अहो' करत राहिल्या. सुनंदानं बिचकत तिच्या पाठीखाली हात घातले, उचललं, आणि तशा अवस्थेत, सुनंदाच्या हातांवर अर्धी लटकत, टेलरबायनं तिच्या पाठीवरून टेप टाकली. "हे बघ," ती मला म्हणाली. "उभी असताना पाठ एवढी. उचलताना एवढी." फरक चांगला चार बोटांचा होता. रुंद बिंद काही नाही. वर्षानुवर्षं माणसं उचलून सुनंदाचे दंड आणि खांदे भरले होते, कंबर तर माझ्याहून बारीक होती. माझ्या तक्त्यात दंड, छाती, कंबर सगळं एका पट्टीनं वाढायचं. असली बाई देवानंसुद्धा अजून घडवलेली नाही.

दोन दिवस टेलरबाय वॉर्डात फिरली. बायकांना वाकवलं, उकिडवं बसवलं, सलाईनच्या खांबापर्यंत हात न्यायला लावलं. सगळे कुर्ते उसवले गेले. बगलेत चौकोनी तुकडे आले, पाठीत चुण्या आल्या, मोठ्या मापात दोन प्रकार झाले: दंड भरलेल्यांचा वेगळा, पोट भरलेल्यांचा वेगळा. तिसऱ्या दिवशी सुनंदा गणवेशात कामावर हजर होती. ऑर्डर वाचली, केंद्र वाचलं, आणि पुढची कितीतरी वर्षं मी त्याच पद्धतीनं मापं घेत राहिले. लोक मला हुशार म्हणाले. मी म्हणू दिलं.

टेलरबायनं त्यावरून कधी टोमणा मारला नाही. फक्त एक प्रश्न विचारायची, तोही काज-बटण करता करता, मान वर न करता. "सांगितलंस काय त्या पोरीला?"

"काय सांगायचं आता? कुर्ता झाला ना तिला?"

"कुर्ता झाला."

एवढंच. वर्षातून एकदोनदा तरी. मी बाजाराचं, सुट्टीचं, गुडघ्याचं निमित्त सांगायचे. मला वाटायचं, फाटलेली शिवण जुळली म्हणजे काम संपलं.

ते संपलेलं नसतं हे मला माझ्या नातीनं दाखवलं. ती मोबाईलवरून एकच कुर्ता तीन मापांत मागवते, दोन परत पाठवते. मागच्या वर्षी एका कुर्त्यात हातच जाईना, तर ही पंधरा वर्षांची पोर आरशासमोर रडत बसली. "आजी, माझे दंड घाणेरडे आहेत." व्हॉलीबॉल खेळते ती, दंड कसे सुरेख आहेत! मी म्हटलं, "अगं, कापणारी कुणीतरी माझ्यासारखी शहाणी असेल." तिला ते पटलं नाही. मी आजी, मी तसं म्हणणारच. जिनं कापलं ती थोडीच सांगायला येणार होती?

त्याच आठवड्यात मी रिक्षा करून गासला गेले. टेलरबाय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळे जवळजवळ गेलेले, अंगणात ऊन खात बसलेली. माझा दंड चाचपून म्हणाली, "वाळलीस ग." मग नेहमीचाच प्रश्न.

"सांगते बाय. नक्की सांगते."

"माझ्यासाठी नको सांगू. मी काय, चालले."

मी तरीही दोन आठवडे लावले. फोन नंबर मिळाला नाही, पाहुणे आले, पाऊस नव्हता तरी पावसाचं नाव सांगितलं. आणि एका सकाळी टेलरबाय गेल्याचाच निरोप आला.

मयताला चर्च भरलं होतं. निम्म्या बायका तिच्या हातचे कपडे घालून आलेल्या. मिस्सेच्या प्रार्थनेत गुडघ्यावर बसताना एकीलाही कुठे खेचावं लागलं नाही. दफन झाल्यावर फाटकाशी सुनंदा दिसली. साठीची, केस पांढरे, अंगात दोन माणसं मावतील असा ढगळ झगा. मी ओळख दिली. तिनं मला केव्हाच ओळखलं होतं.

"सुनंदा, त्या दिवशी तू रुंद नव्हतीस. तक्ता चुकला होता. कापलं मी होतं. मला माहीत होतं आणि मी तुझ्यावर ढकललं."

ती फाटकाच्या कडीशी चाळा करू लागली. "बायनं तेव्हाच सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "दर नाताळला केक घेऊन जायची मी, तेव्हा दर वेळी सांगायची. ती चांगली होती, म्हणून बोलते असं वाटायचं. दुकानात गेले की कानात तुम्हीच. एवढी वर्षं मी सगळ्यात मोठा मागते. घालूनसुद्धा बघत नाही."

"परत म्हणा," सुनंदा म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."

तिचे कान चांगले तिखट आहेत, तिला नीट ऐकू आलं होतं. मी परत म्हटलं. या वेळी मोठ्यानं, इतकं की पुढे गेलेल्या बायका वळून बघायला लागल्या. त्या वळल्या म्हणून मी तिसऱ्यांदाही म्हटलं.