रॉकीच्या खुब्याचा फोटो

जनावरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. काळ्या साडीला कुत्र्याचे केस चिकटतात तसे ते चिकटतात. कितीही झटकले तरी घरी येऊन बघावं तर पदरावर दोन असतातच. त्यातून आमचा पेशंट मुका, म्हणून त्याच्या वाटचंही त्याचा मालकच बोलतो. आणि मालक गप्प बसला तर मालकाची आई बोलते.

मी भिवंडीत, कामतघरला, मृणाल मॅडमच्या दवाखान्यात सात-आठ वर्षं केसपेपर लिहायचं काम केलं. म्हणजे केसपेपर लिहायचे, फोन घ्यायचे आणि वेळ आली की कुत्र्याचं तोंड धरायचं. नोकरीला लागले तेव्हा मला कुत्र्यांची भीती वाटायची. पुढे ती गेली आणि मालकांची वाटायला लागली.

मॅडमचं एक खूळ होतं. मोठ्या जातीचं पिल्लू सहा महिन्यांचं झालं की त्याच्या खुब्याचा एक्सरे काढायचा, लंगडत असो वा नसो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसतोय की नाही हे लहानपणीच कळलं तर पुढचं पुष्कळ सांभाळता येतं, असं त्या येईल त्याला समजावायच्या. लोकांना ते काही पटत नसे. एका सुताच्या व्यापाऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, न लंगडणाऱ्या कुत्र्याचा फोटो काढायचा म्हणजे साखरपुड्याच्या आधी बारशाची पत्रिका छापायची."

मी हसले. मॅडमनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की उरलेला दिवस मी स्टूल सोडलं नाही.

*

शेलार गावचे बाळाशेठ पाटील आले ते लस टोचायला. गावची जमीन, त्यावर गोदामं, शिवाय चार शेड लूमच्या. माणूस आडवातिडवा, गळ्यात जाडजूड साखळी, आणि साखळीपेक्षा जास्त मिरवायचे ते रॉकीला. साडेपाच महिन्यांचा अल्सेशियन, कान अजून एक उभा आणि एक पडलेला. लस झाल्यावर बाळाशेठनी त्याला मुद्दाम दवाखान्यासमोरच्या बोळात पळवून दाखवलं.

"बगा मॅडम, कसा पलतंय. ससा हाय ससा."

रॉकी खरंच मागचे दोन्ही पाय एकदम उचलून टुणटुण उड्या मारत होता. मॅडम दारात हाताची घडी घालून बघत राहिल्या.

"बाळाशेठ, तीच तर काळजी आहे. कुत्र्याने कुत्र्यासारखं पळायला हवं."

*

आमच्याकडे एक्सरेचं मशीन नव्हतं. जवळच माणसांचं एक्सरे सेंटर होतं. तिथले अन्सारीभाई दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅडमचं काम करून द्यायचे. मी बाळाशेठना फोनवर बजावलं, झोपेचं इंजेक्शन द्यायचंय, रॉकीला सकाळपासून काही खायला देऊ नका.

दुपारी जीपमधून घरची नऊ माणसं उतरली. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी म्हटलं, एवढं घाबरायचं काय त्यात? तर बाळाशेठची आई, जिला सगळं गाव आय म्हणतं, मला म्हणाली, "घाबरला कोन? भूक लागलीय. पोर उपाशी हाय न् आमी कसा जेवाचा?"

एक्सरे निघाला, रॉकी डोळे किलकिले करून उठला, आणि त्या नऊ जणांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरचे वडे संपवले. अन्सारीभाईंना एकही मिळाला नाही. ते बरेच दिवस बोलून दाखवत होते.

*

अन्सारीभाईंचा नियम होता, फिल्मवर पेशंटचं पूर्ण नाव पाहिजेच. "बगैर नाम के फिल्म नहीं निकलती, मॅडम." म्हणून त्यांनी लिहिलं, रॉकी बाळाराम पाटील, वय सहा महिने. पाकिटावर, पाठवणारे डॉक्टर, डॉ. मृणाल. आणि फिल्म वाळायला लावून ते घरी गेले.

संध्याकाळी त्या सेंटरमध्ये ठाण्याहून हाडांचे एक डॉक्टर यायचे. ते नवीन होते. त्यांनी फिल्म उजेडात धरली असणार, कारण सात वाजता आमचा फोन वाजला. आवाज फार गंभीर होता.

"बाळाचे दोन्ही खुबे सैल आहेत, डावा जास्त. त्यावर उपाय करता येतील. पण आधी मला सांगा, शेपटीबद्दल आईवडिलांशी कोणी बोललंय का?"

ते थट्टा करत होते की खरंच हादरले होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

निदान मात्र त्यांनी अचूक सांगितलं होतं. मॅडमनी बाळाशेठना फिल्म दाखवली. गोळा इथे असायला हवा, तो इथे आहे. असंच वाढू दिलं तर दोन-तीन वर्षांत हा मागून बसेल.

बाळाशेठनी पिल्लू कल्याणहून घेतलं होतं. तिथला माणूस म्हणाला, आणून द्या, त्याच्या जागी दुसरं न्या. बाळाशेठ हो-ना करत होते. रॉकीला जीपमध्ये घालून ते दवाखान्यात आले ते मॅडमचा निरोप घ्यायला. बरोबर आय होती. ती बाकावर बसूनच बोलली.

"पोर पायाने अधू निघाला म्हनून परत देतात काय रं? तुजा एक कान बारका हाय. तुला दिला का कुनाला?"

बाळाशेठचा हात कानाकडे गेला. इतके दिवस आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आता सगळे तिकडेच बघायला लागले.

त्या भरात मॅडम बोलून गेल्या, "ठेवा त्याला. मी सांगते तसं करा. दोन वर्षांचा होईल तेव्हा हा स्वतःच्या चार पायांवर असेल. नसला तर मी कुणाला फोटोचा आग्रह करणार नाही."

ते गेल्यावर मी म्हटलं, मॅडम, एवढी पैज कशाला? त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तोंडातून निघून गेलं." मला त्यांची काळजी वाटली. या गावात बाई डॉक्टर म्हणून पाय रोवायला त्यांना पाच वर्षं लागली होती, आणि ते पाय आता एका पिल्लाच्या पायात अडकले होते.

*

मॅडमनी चार गोष्टी लिहून दिल्या. वजन वाढू द्यायचं नाही. गुळगुळीत फरशीवर चालवायचं नाही. रोज पोहायला न्यायचं. आणि सांध्याच्या गोळ्या न् माशाचं तेल. बाळाशेठना गोळ्या सगळ्यात आवडल्या, कारण त्या विकत मिळतात. मॅडम म्हणाल्या, "गोळी चौथ्या नंबरवर आहे. पहिले तीन तुम्हाला करायचेत."

दुसरा नंबर त्यांच्या वर्मी बसला. नव्या बंगल्याची वास्तुशांत होऊन महिना झाला होता आणि हॉलभर पांढराशुभ्र मार्बल होता. शेलारपासून भिवंडीपर्यंतची माणसं तो बघायला येत होती. त्यावर रॉकीचे पाय चौफेर फाकायचे.

एका सकाळी बाळाशेठनी गोदामातलं रबर आणून अख्ख्या हॉलमध्ये अंथरलं आणि वर आपल्याच लूमचं जाडं कापड टाकलं. मार्बल गेला खाली. पाहुणा आला की ते वाकून एक कोपरा उचलायचे, मार्बल दाखवायचे आणि परत झाकायचे. एकदा त्यांचे व्याही म्हणाले, "काय शेठ, फरशीला तडा गेला काय?"

"फरशीला न्हाय. तिच्यापायी आमच्या पोराच्या हाडाला जाईल."

हे मला त्या व्याह्यांनीच सांगितलं. ते आपला लॅब्राडोर घेऊन फोटो काढायला आले होते.

*

वजनाने मात्र घाम काढला. दर रविवारी बाळाशेठ रॉकीला गोदामातल्या सुताच्या काट्यावर ठेवायचे आणि मला आकडा कळवायचे. आकडा वाढतच होता. मॅडमनी वाटीभर मोजून खाणं ठरवून दिलं होतं, घरचे शपथेवर सांगत होते की वाटीच्या वर काही दिलं नाही. मॅडमनी थायरॉईडपर्यंत सगळं तपासलं.

शेवटी त्या एका दुपारी न कळवता शेलारला गेल्या, मलाही नेलं. पंगत बसली होती. ताट वाढलं की प्रत्येकाने पहिला घास बाजूला काढला. रॉकी आधीच तयार होता. आयपासून धाकट्या सुनेपर्यंत क्रमाने फिरत तो नऊ घास घेऊन आला आणि परत आयच्या पायाशी बसला.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"कुत्र्याचा घास," आय म्हणाली. "तो काय खाना हाय? तो धरम हाय."

नऊ माणसं, दोन वेळा, भाताचे मुटके. मला वाटलं मॅडम आता फुटणार. त्यांनी एक रिकामी वाटी मागवली आणि आयसमोर ठेवली. "आय, घास बंद करायचा नाही. सगळ्यांनी आपापला घास या वाटीत टाकायचा. वाटी भरली की तेच त्याचं जेवण. वेगळं काही नाही. आणि घास लहान, वाटीत नऊ मावले पाहिजेत."

आयने वाटी उलटसुलट करून बघितली. "धरम पन ऱ्हातंय न् पोट पन ऱ्हातंय," ती म्हणाली. महिन्याभरात काटा खाली यायला लागला.

*

पोहण्याचं काय सांगू. गावाबाहेरच्या तळ्यात रॉकी काही केल्या उतरेना. बाळाशेठ काठावर उभे राहून हाका मारत होते, चेंडू फेकत होते. तो त्यांच्याकडे बघायचा, की तुम्ही जा ना आधी. शेठ झाल्यापासून त्या माणसाने तळ्यात पाय घातला नव्हता. चौथ्या दिवशी ते साखळीसकट उतरले. मागोमाग रॉकी. काठावर गाव जमलं.

मग रोज सकाळी दोघं पोहायला लागले. सहा महिन्यांनी बाळाशेठची बायको दवाखान्यात पेढे घेऊन आली. म्हणाली, कुत्र्याचं तुम्ही बघाच, पण ह्यांची शुगर उतरलीय.

*

गोळ्यांचा डबा दोन महिने पुरायचा, तो एका महिन्यात संपायला लागला. मी आयला विचारलं, रॉकीला किती देता?

"त्याला एक, मना एक. माजं पन गुरघं दुकतात."

मॅडम पेन टाकून उठल्या. "आय! ती कुत्र्याची गोळी आहे!"

"मना म्हाईत हाय. म्हनून आदी त्याला दिली. आठ दिस त्याला काय झाला न्हाय, मंग मी घेतली."

मॅडमनी तिला बरंच झापलं आणि गुडघ्यांसाठी माणसांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. जाता जाता आय दारातून वळली आणि माझ्या कानाशी आली.

"सोमवारी न्हाय हां घेत. मटनाचा वास येतंय तिला."

*

आणि मग रॉकी दोन वर्षांचा झाला.

दुसरा फोटो काढायचा दिवस ठरला. मॅडम सकाळपासून कोणाशी धड बोलत नव्हत्या. त्यांच्या पैजेची बातमी एव्हाना कामतघरभर झाली होती. यार्नवाले, गोदामवाले, ज्यांची पिल्लं आमच्याकडे यायची ते सगळे कान टवकारून होते. रॉकी चालायचा बरा, पण आत सांधे किती झिजले हे फोटोच सांगणार होता. बाळाशेठ दाढी न करता आले होते. एक्सरे सेंटरच्या आधी आमच्याकडे झोपेचं इंजेक्शन द्यायचं होतं. त्यांनी रॉकीचं डोकं पोटाशी धरलं आणि दुसरीकडे बघत मला विचारलं, "वहिनी, खराब निगाला तर मंग काय करतात?"

मी म्हटलं, आधी निघू तर द्या.

मॅडमनी सिरिंज भरली. रॉकीने सिरिंज बघितली, मॅडमना बघितलं, आणि मान खाली घालून पट्ट्यातून डोकं काढून घेतलं. टेबलावरून उडी मारली ती माझ्या केसपेपरवर. तिथून दवाखान्याचं अर्धं दार. ते माझ्या छातीएवढं आहे. त्याला त्याचे पायसुद्धा लागले नाहीत.

"धरा!" मॅडम ओरडल्या आणि हातात सिरिंज घेऊन धावत सुटल्या. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे बाळाशेठ.

लोडशेडिंगची वेळ होती. लूम बंद पडलेल्या, सगळे उत्तरेकडचे कारागीर बोळात खाटा टाकून बसलेले. रॉकी त्यांच्या मधून गेला. एक खाट त्याने वरून ओलांडली, दुसरीच्या खालून गेला, कापडाच्या ताग्यांचा ढीग लागला तर त्याच्यावर चढून पलीकडे उतरला. एक पाय पुढे, एक मागे, लांब लांब, कुत्र्यासारखा कुत्रा. मॅडम निम्म्या बोळात दमल्या. मी तर आधीच भिंत धरली होती. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. त्या धापा टाकत होत्या आणि रडत होत्या.

बाळाशेठ ताग्यांच्या ढिगापर्यंत पोचले आणि त्याच्यावरच बसले. समोर बोळाच्या टोकाला चार कारागीर हात पसरून रस्ता अडवायला उभे राहिले होते. रॉकी त्यांच्याकडेच चालला होता.

बाळाशेठनी दोन्ही हात वर केले आणि होता नव्हता तेवढा दम एकवटून हाक दिली.

"पकडो मत रे कोई! भागने दो उसको!"