काकांची खुर्ची आणि काकांची कादंबरी

अमेरिकेतल्या चँडलरमधले आम्ही मराठी लोक जमलो की पोहे यायच्या आधी जोगळेकरकाकांचे किस्से सुरू होतात. काका चिप कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर, सिटी कौन्सिलचे मेंबर आणि वर मराठी कादंबरीकार! प्रचारात त्यांची गाडी मी ड्राइव्ह करायचो, म्हणून माझ्याकडे साठा जरा जास्तच.

पहिल्या निवडणुकीत दारोदार फिरताना काका प्रत्येक दारात बूट काढायचे. म्हणायचे, "कुणाच्या घरी बूट घालून जायचं का?" ॲरिझोनाचा जुलै! एका बाईंनी दार उघडलं, तापलेल्या फरशीवर नाचणारे काका पाहिले आणि म्हणाल्या, "मत देते, पण आधी बूट घाला!"

कौन्सिलमध्ये बोलायला तीनच मिनिटं मिळतात. लायब्ररी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी हवी, एवढंच काकांना मांडायचं होतं. सुरुवात केली थेट गावच्या वाचनालयाच्या पायरीपासून. मुद्द्यावर यायच्या आत टायमर वाजला. मेयरबाई म्हणाल्या, "पुढच्या मीटिंगला इथूनच सुरू करा. त्या पायरीवर पुढे काय झालं, ते मला कळलंच पाहिजे!"

लायब्ररीची वेळ वाढली. मागच्या रांगेत मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होतो.

काका म्हणायचे, "विलायतेत एक पंतप्रधान कादंबऱ्या लिहायचा." त्यावर काकू, "त्याच्या भाषणात भाषण असेल हो. तुमच्या भाषणात कादंबरी आणि कादंबरीत भाषण!"

दुसऱ्या निवडणुकीत मात्र आमचं धाबं दणाणलं. समोर माइक नावाचा उमेदवार होता, पहिल्या वेळी काकांकडून हरलेला. त्याने पत्रकं वाटली : 'जोगळेकर आपल्या शहरावर पुस्तक लिहितात, तेही आपल्याला वाचता न येणाऱ्या भाषेत. काय लपवताहेत?' लोक काकांशी तुटक बोलू लागले. सीट जाणार, असं मलाही वाटायला लागलं.

डिबेटला माइकने कादंबरी टेबलावर आपटली. "यात मी आहे?"

"आहात ना," काका म्हणाले.

"मग वाचा! सगळ्यांना ऐकू दे!"

काकांनी चष्मा लावला आणि इंग्रजी करत करत पान वाचलं. निवडणूक हरलेला एक माणूस निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कमध्ये येतो आणि स्वतः लावलेल्या झाडांना पाणी घालतो. झाडांना निकालाशी काय देणंघेणं?

माइकने हळूच विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

"मी रोज तिथे फिरायला जातो."

काका जिंकले! आपला माणूस असा जिंकला, म्हणून मी गाडीत एकटाच रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन घरी गेलो, तर काकू म्हणाल्या, "पार्कमध्ये गेलेत."

मी तिथे पोचलो. माइक झाडांना पाणी घालत होता आणि काका मागे पाइप धरून उभे होते. गवताच्या कडेला बुटांचे दोन जोड नीट काढून ठेवले होते.