पेन्सिलीचं मस्टर

बाबीवकिलाच्या निधनाने जिल्ह्यातील न्यायाचा आधारस्तंभ कोसळला, असं वेंगुर्ल्याच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं. तिघांनी एकच वाक्य वापरलं, म्हणजे त्यात तथ्य असणार. मी मात्र हा स्तंभ चाळीस वर्षं जवळून पाहिला होता. त्याचं वजन पन्नास किलोच्या आत होतं आणि कंबरदुखीमुळे तो सलग दहा मिनिटंही उभा राहू शकत नसे. न्यायाधीशांची परवानगी घेऊन बसूनच युक्तिवाद करी. न्यायाने त्याच्यावर भार टाकलाच असेल, तर तो बराचसा खुर्चीने उचलला असावा.

बातमी मला इन्सुलीत कळली. निवृत्तीनंतर मी तिथे राहतो. वेंगुर्ल्याहून बांद्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, ''मास्तरांनू, बाबीवकील गेले.'' ''कोल्हापुराक?'' मी विचारलं. माझा दोष नाही. कामगार न्यायालय घाटावर, त्यामुळे वीस वर्षं बाबी कुठे गेला तर कोल्हापूरलाच गेला. घंटीची दोरी कंडक्टरने हातात धरली होती, पण ओढली नाही... तेव्हा मला समजलं.

बाबी आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याचे वडील काजूच्या कारखान्यात मेहता, म्हणजे कारकून. कामाला येणाऱ्या बायकांची हजेरी लिहायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्यांच्या मेजावर पेन्सिल आणि रबर दोन्ही असत. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केलेल्या माणसाला सहजासहजी काढून टाकता येत नाही, हा कायदा मालकांना वकिलांच्या आधी ठाऊक होता. म्हणून एखाद्या बाईचे दिवस भरत आले की मेहता तिचे काही दिवस खोडत. इतकं सफाईदार खोडत की कागदाला ओरखडा नसे. बाबी पुढे एकदाच मला म्हणाला होता, ''आमच्या घरातलो भात रबरार शिजलो.'' कामगारांकडे का वळलात, असं कोणी जाहीर सभेत विचारलं की मात्र तो सांगे, दुसरे पक्षकार मिळाले नाहीत. मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत राहून, दिवसा कारकुनी करून तो वकील झाला आणि परत आला. जिल्हा नवा झाला तेव्हा कमानी उभ्या राहिल्या, सत्कारांचा सुकाळ झाला, त्यात त्यालाही एक शाल मिळाली. ती त्याने पक्षकारांच्या बाकावर अंथरली. बाकाची एक फळी फटीची होती आणि बायकांची लुगडी तिच्यात अडकत.

शेवंती त्याच बाकावर येऊन बसली ती त्या सुमाराला. गावाबाहेरच्या एका कारखान्यात ती बारा वर्षं काजूबी फोडत होती. बीच्या टरफलात जो चीक असतो तो कातडी जाळतो. हात काळे पडतात, सोलतात. शेवंतीने हाताला लावायला खोबरेल मागितलं. एकदा मागितलं, दोनदा मागितलं, तिसऱ्यांदा सगळ्या बायकांच्या देखत मागितलं. दुसऱ्या दिवशी तिला फाटकावर थांबवलं. कारखान्याचं म्हणणं असं पडलं की शेवंती नावाची कोणी बाई कधी कामावर नव्हतीच. हजेरीचं मस्टर पेन्सिलीचं, तिचं नाव त्यात आता नव्हतं. तिची मागणी एकच होती. शेडमध्ये खिडकीजवळ तिची जागा होती. तिथे उजेड येई, बिया भाजण्याचा धूर कमी लागे आणि गर अख्खा निघे. ''माका माझी खिडकी होयी,'' ती म्हणे. बाबीने अर्जात 'पूर्ववत सेवेत रुजू करून घ्यावे' असं लिहिलं. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, ''ह्येच्यात खिडकी खंय आसा?'' मग त्याने खिडकीही घातली. कामगार न्यायालयात खिडकीची मागणी झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

साक्षीच्या दिवशी मी सोबत होतो, शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकं आणायची होती म्हणून. पहाटेच्या एसटीत बाबी, शेवंती, मी आणि मागच्या सीटवर कारखान्याचे मॅनेजर तात्या. कोल्हापूरला वेळेवर पोचवणारी गाडी एकच, तेव्हा वादी-प्रतिवादी एकाच गाडीने जात. तात्या फार काटेकोर माणूस. देवळाच्या वर्गणीच्या यादीत कोणाच्या नावाचा काना चुकला तरी त्यांना चैन पडत नसे.

बाबीचा सगळा बेत शेवंतीच्या हातांवर होता. कागद खोटं बोलतो, हात बोलत नाहीत, हे त्याने आदल्या दिवशी मला ऐकवलं होतं. तात्यांनी शपथेवर सांगितलं की या बाईला आपण ओळखत नाही. (गाडीत त्यांनी तिला सरकून जागा दिली होती.) मग शेवंती उभी राहिली. बाबी म्हणाला, ''साहेबांना हात दाखवा.'' तिने पदराखालून हात बाहेर काढले. स्वच्छ, उजळ, पूजेला बसलेल्या बाईचे असावेत तसे. चार महिने काम नव्हतं, डाग आधीच फिके झाले होते. उरलेसुरले तिने चिंच आणि राख लावून काढून टाकले होते. ''कोर्टात येवचा म्हणान पंधरा दिस घासलंय,'' ती बाबीला हळूच म्हणाली. आपल्याकडे कुठलीही बाई हेच करील. बाबीला ते सुचलं नव्हतं. तो त्या हातांकडे पाहत राहिला... ''हात चांगले आहेत,'' एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसला. मला वाटलं, गेली खिडकी.

मग वेळ काढण्यासाठी विचारावं तसं त्याने विचारलं, ''गेल्या वर्षात तुम्ही किती दिवस कामावर गेलात?''

''त्येची मोजदाद मी ठेवूक नाय,'' शेवंती म्हणाली. ''गेलंय नाय ते दिस सांगतंय.'' आणि तिने बोटांवर सुरुवात केली. भयणीच्या बाळंतपणाला दहा दिवस. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला तेव्हा दोन. चुलतसासरे वारले तेव्हा बारा. माहेरच्या जत्रेला तीन.

''तीन नाय, पाच,'' मागच्या बाकावरून आवाज आला. ''जत्रेक पाच दिस रवलंस गो. शपथेर खोटा कित्याक सांगतंस?''

ते तात्या होते. दोन दिवसांची चूक त्यांना सोसवली नव्हती. न्यायाधीशांनी चष्मा काढून मागे पाहिलं. बाबीने मान वळवली नाही. शांतपणे म्हणाला, ''साहेब, मॅनेजर म्हणतात तेच खरं असेल, पाच दिवस धरावेत. कारखान्यात कधीच नसलेली बाई किती दिवस आली नाही, याची नोंद त्यांच्यापाशी आहे, एवढं मात्र लिहून घ्यावं.''

परतीच्या वाटेवर गाडी फोंडाघाटला चहासाठी थांबली. तात्या एका टोकाला पाठ करून उभे होते. शेवंती त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, ''तात्यांनू, तीनच दिस. चवथो दिस आयतवार होतो.''

''आणि पाचवो?''

''पाचव्या दिसा गाडी चुकली.''

''मगे? झाले ना पाच?''

''आयतवार कसो धरतास? आयतवारी कारखानो तरी उघडो होतो?''

तात्या विचारात पडले. मग म्हणाले, ''बरां, चार.'' बाबी बशीत चहा ओतत होता. तो मला म्हणाला, ''हेका म्हणतत समेट. कोर्टात ह्या कधी झाला नसता.'' त्या दिवशी तेवढंच तो हसला. घाट उतरून गाडी बरीच पुढे आल्यावर म्हणाला, ''आज जमला ता माझ्या हुशारीर नाय. तिचे हात बघूचे ह्या माका आठवडोभर आधी सुचाक होया होता.'' आपल्या चुका तो पक्षकारांच्या खात्यावर टाकत नसे. या धंद्यात ही सवय दुर्मीळ असावी.

निकाल आठ महिन्यांनी लागला. तोवर दर बाजाराच्या दिवशी शेवंती बाकावर, शालीवर, येऊन बसे आणि विचारी, ''खिडकी मेळात मा?'' बाबी म्हणे, ''बघूया.'' खोटं आश्वासन त्याने कोणाला दिलं नाही, त्यामुळे गावात तो जरा निराशावादी म्हणूनच ओळखला जाई. अखेर ती कामावर गेली. खिडकीसकट. शेडमध्ये खोबरेलाचा डबा आला. आणि मालकांनी, पुन्हा असली फजिती नको म्हणून, मस्टर शाईने लिहायचा हुकूम काढला. बाबीला हे मी सांगायला गेलो तेव्हा त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, ''बाबांचा अक्षर शाईत बघूक होया होता...'' वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

शोकसभेत एका रस्त्याला त्याचं नाव देण्याचा ठराव झाला. कोणता रस्ता, ते पुढच्या सभेत ठरेल. मी सभा संपल्यावर कारखान्याकडे गेलो. शेवंती खिडकीजवळ होती, केस पांढरे, हात काळे, तेलाने चकाकणारे. ''मास्तरांनू, बसा,'' म्हणाली आणि बी फोडत राहिली. तात्या अजून मॅनेजर आहेत. मी न विचारता त्यांनी मस्टर काढलं आणि बाबीला स्मशानात नेलं त्या दिवसाचं पान उघडलं. त्या सकाळी शेडमधली एकही बाई कामावर आली नव्हती. शेवंती गावाच्या वेशीपर्यंत मागून चालत गेली, विहिरीवर आंघोळ करून दुपारी एकटीच कामावर परत आली.

''शेवंती म्हणता, वकिलाक पोचवूक गेललंय, तेची गैरहजेरी कित्याक,'' तात्या म्हणाले. ''मी म्हटलंय, गेललंस ता खरां. पण हय नव्हतंस.''

पानावर बायकांची नावं ओळीने होती आणि प्रत्येकीपुढे निळ्या शाईत 'गैरहजर'. फक्त शेवंतीच्या नावापुढे लिहिलं होतं: अर्धा दिवस. खाली तात्यांची सही आहे.