एरंडेल पिणारं विमान

विमानं उडवणाऱ्यांकडे विमानं कमी आणि किस्से जास्त. कारण विमान मोडतं, किस्सा मोडत नाही!

आम्ही तिघं दर रविवारी सकाळी वळ गावच्या माळावर रिमोटची विमानं उडवतो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. इक्बालभाईंचे नारपोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग आहेत. आणि हिरामणशेठ वळचेच. त्यांची भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत. मागच्या वर्षी त्यांनी आठ महिने खपून कोलांट्या मारणारं विमान बांधलं. पाच फुटी पंख, लालभडक रंग, नाकावर नवंकोरं इंजिन. हे सगळे किस्से त्या इंजिनाचे.

* * *

नवं इंजिन थेट उडवायचं नसतं. आधी फळीवर बोल्टने आवळायचं आणि थोडं थोडं, भरपूर इंधन पाजत चालवायचं. मग आतले भाग एकमेकांना सरावतात. इंधन म्हणजे मिथेनॉल, आणि वंगणाला त्यात एरंडेल. ते आणायला हिरामणशेठ धामणकर नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले.

"एरंडेल द्या. चार लिटर."

दुकानदाराने चष्मा काढला. "पेशंट कोण?"

"पेशंट न्हाय, विमान हाय. उडवायचाय."

दुकानदाराने चष्मा पुन्हा लावला. मग हळूच म्हणाला, "शेठ, एवढं घेतल्यावर कोणीही उडेल!"

* * *

या इंजिनाचा आवाज भयंकर. इक्बालभाई म्हणाले, "आमच्या गच्चीवर चालवू. नारपोलीत लूमच्या खटखटाटात कोणाला काय कळणार?"

खरंच कळलं नाही! पहिली टाकी संपली, कोणी मान वर केली नाही. दुसरी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम गप्प. आणि आमचं इंजिन एकटंच बोंबलतंय! कामगार बाहेर आले, माना वर झाल्या. समोरचे लूममालक खालून ओरडले,

"इक्बालभाई, बिना लाइट का लूम कहाँ से लाए? हमको भी दिलाओ!"

* * *

जास्त इंधनावर इंजिन घोगरं चालतं, धूर सोडतं, तेल उडवतं. हिरामणशेठना ते बघवेना.

"मास्तर, याला कफ झालाय. सुई आवळू का?" इंधन कमी-जास्त करायला एक सुई असते, आवळली की इंधन कमी; तिच्यावर त्यांचा डोळा.

इक्बालभाईंनी हात धरला. "शेठ, नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी डबल शिफ्ट देतात का?"

"न्हाय."

"मग?"

शेठनी हात मागे घेतला. दोन मिनिटांनी म्हणाले, "पन थोडा ओव्हरटाइम?"

* * *

त्या दिवशी शेठ घरी गेले ते डोक्यापासून पायापर्यंत तेलात. वहिनींनी दारातच अडवलं. वास घेतला आणि विचारलं,

"इमान उरवून आलाव का भजी तलून?"

* * *

शेवटी तो रविवार उजाडला. शेठ विमान सारखं पुसत होते. आठ महिने कमी नसतात. मी इंजिन सुरू केलं आणि बजावलं, "सुई जरा सैलच ठेवा. नाक वर गेलं की इंधन कमी पोचतं."

मी रिमोट तपासायला वळलो तेवढ्यात शेठनी सुई दोन खाचा आवळली. आवाज असा खणखणीत झाला की माझाच जीव सुखावला. विमान उठलं. शेठ तोंडभर हसले! पहिली कोलांटी घ्यायला नाक वर केलं, विमान टोकाला पोचलं, आणि इंजिन बंद.

नुसती शांतता.

"मास्तर!" एवढंच शेठच्या तोंडून निघालं. विमान तरंगत, डुलत, माळाची हद्द ओलांडून शेजारच्या गोदामाच्या आवारात उतरलं. आम्ही धावत गेटवर पोचलो. विमान आत गवतावर, पंखसुद्धा शाबूत! शेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

नव्या वॉचमनने हात आडवा केला. "गेटपास?"

"अरे, विमान माझा हाय! ही जमीन पन माझी हाय!"

"जमीन आपकी होगी, सेठ. लेकिन माल की इनवर्ड एंट्री नहीं है. जो अंदर आया ही नहीं, वो बाहर कैसे जाएगा?"

बिनतोड! इक्बालभाईंनी आम्हाला गप्प केलं. "ठीक है, पहले इनवर्ड लिखो."

वॉचमनने रजिस्टर उघडलं. "माल?"

"हवाई जहाज. एक नग."

"गाडी नंबर?"

"गाडी नहीं. खुद आया."

"कहाँ से?"

इक्बालभाईंनी बोट आभाळाकडे केलं. "ऊपर से."

वॉचमनने नीट अक्षरात लिहिलं, 'ऊपर से'. शेठची सही घेतली. मग पेन तसंच धरून त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि विचारलं,

"और माल आनेवाला है?"