फळ्यावरचा चौथा शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी वर्गातली बारीकसारीक गोष्ट सांगायचो.

रत्नागिरीत मी इंग्रजी पत्रव्यवहाराचा वर्ग चालवायचो. अर्ज कसा लिहावा, कुणाला काय संबोधावं, यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे आजही बेधडक सांगतो. पुरुषाला मिस्टर, लग्न झालेलीला मिसेस, न झालेलीला मिस. वीस वर्षं मी फळ्यावर हे तीनच शब्द लिहिले.

अठ्ठ्याण्णव साली सुलभा वर्गात आली. राजापूरकडची, तिशीतली. नवऱ्याने मुंबईत दुसरं घर मांडलं होतं — ना सोडचिठ्ठी, ना विचारपूस. भावाकडे राहून शिकत होती. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात जागा निघाली, तेव्हा तिथलं पत्रक घेऊन ती भर वर्गात उभी राहिली. त्यावर मॅनेजरबाईंच्या नावाआधी ‘एम’ आणि ‘एस’ अशी दोनच अक्षरं होती.

“सर, यातून लग्नाचं काहीच कळत नाही. अर्जात मी हेच लिहू का?”

मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला काय हरकत होती? पण समोर बावीस जण बसले होते. मी लाल पेन काढलं आणि त्या अक्षरांवर रेघ मारली.

“टायपिस्टची चूक आहे. असा शब्द इंग्रजीत नाही. तू मिसेस लिही.”

संध्याकाळी शब्दकोश उघडला. शब्द होता — अगदी उच्चारासकट. मिझ. बाईचं लग्न झालंय की नाही, हे न सांगणारा. अर्ज पाठवायला अजून तीन दिवस होते. तिन्ही दिवस ती पहिल्या बाकावर बसली होती. तिन्ही दिवस मी दुसरंच काहीतरी शिकवलं.

मुलाखतीत अर्ज बघून पहिलाच प्रश्न आला : मिसेस, मग मिस्टर कुठे असतात? त्यांचं संमतिपत्र आणा म्हणाले. ती कुठून आणणार? “टायपिंग मात्र आवडलं त्यांना,” असं मला येऊन सांगून गेली. मिझ लिहूनही त्यांनी विचारलं असतं? कदाचित विचारलंही असतं. माझी रेघ त्याने पुसली जात नाही.

पुढच्या तुकडीपासून मी फळ्यावर चार शब्द लिहू लागलो. जणू पहिल्यापासून लिहीत होतो.

काही वर्षांनी राजापूरच्या एसटी स्टँडवर ती भेटली. काजूच्या कारखान्यात लागली होती. बोटं चिकाने काळी पडलेली. वाकून नमस्कार केला आणि सोबतच्या बाईला म्हणाली, “हे माझे सर. यांचं इंग्रजी कधी चुकत नाही.”

मी मान डोलावली.